वाढत्या अंगाचा बेस

गावाकडे अजून कुणाचा विश्वास बसत नाही. आमच्या खाडीकाठच्या गावातून ओमानला गेलेले लोक तिथे काय करतात, हे सगळ्यांना पाठ आहे. कुणी अत्तराच्या दुकानात असतो, कुणी मासळीच्या धंद्यात, कुणी अल मवालेहच्या बाजारात आंब्याच्या पेट्या उतरवून घेतो, कुणी एखाद्या अर्बाबची, म्हणजे ओमानी मालकाची, गाडी चालवतो. आणि हा रफीक म्हणे गिटार दुरुस्त करत होता! कायमचा परत आल्यावर पहिल्याच जुम्म्याला एका चुलत्यांनी मला मशिदीबाहेर बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "खरा सांग, तिकडं काय करत होतास? कुणाला बोलनार नाय मी." माझ्या बायकोने ही गोष्ट हसत हसत सगळ्या मोहल्ल्यात सांगून टाकली.

त्यात आणखी एक गंमत अशी, की मला गिटार वाजवता येत नाही. उभ्या आयुष्यात एक गाणं धड वाजवलेलं नाही. तार जुळवायची, मानेवरच्या प्रत्येक पट्टीशी दाबून ती स्वच्छ बोलते का बघायचं आणि गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची, इतकंच माझं काम. शिंपी काय शिवलेले सगळे कपडे स्वतः घालून हिंडतो का?

आमचं दुकान मस्कतमधल्या वादी कबीरला होतं. एका बाजूला टायरवाला, दुसऱ्या बाजूला एसी दुरुस्तीवाला, मध्ये आम्ही. मालक ओमानी, उतारवयाचे, औद वाजवणारे. औद म्हणजे त्यांच्याकडचं भोपळ्यासारख्या पोटाचं तंतुवाद्य. इलेक्ट्रिक बेस गिटार त्यांना कधीच आवडला नाही. "रफीक, ये तो बीमार औद है," ते म्हणायचे, "बोलता कम, कराहता ज़्यादा." पण दुकानात खपायचा तो बेसच, आणि तोही स्वस्तातला. त्यामुळे अर्बाब त्याला नावं ठेवत आणि गल्ल्यावर बसून हसत.

ज्यांनी बेस पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. साध्या गिटारला सहा तारा असतात, बेसला बहुधा चार, पण चांगल्या जाड. लाकडाचं अंग, त्याला लांब मान, मानेच्या टोकाला तारा पिळायच्या खुंट्या. मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, त्यांना फ्रेट म्हणतात. डावा हात दोन फ्रेटच्या मध्ये तार दाबतो, उजवा ती छेडतो. आवाज असा खर्जातला, की कानापेक्षा छातीला आधी कळतो. गाण्यात बेस वाजतोय हे निम्म्या लोकांच्या लक्षातही येत नाही. घरातल्या एसीसारखंच आहे ते. चालू असतो तेव्हा कुणाचं लक्ष नसतं, बंद पडला की सगळे माना वर करून बघतात.

महाग बेसबद्दल मी काही लिहिणार नाही. ते चांगलेच असतात, त्यात माझं काय कौतुक? माझी हयात स्वस्त बेसमध्ये गेली, आणि स्वस्त म्हणजे वाईट नव्हे, हे मी कुठेही छातीठोकपणे सांगेन. कारखान्यात लाकूड बरं असतं, तारा बऱ्या असतात. वाचवलेला असतो तो शेवटचा हात. फ्रेटची टोकं घासलेली नसतात, मानेवरून हात फिरवला की करवतीसारखी लागतात. तारा इतक्या उंच ठेवलेल्या, की दाबताना बोटांची सालं निघावीत. मानेच्या आत एक लोखंडी सळई असते. ती किल्लीने अगदी थोडी फिरवली की वाकलेली मान सरळ होते, पण फिरवायला तिथे वेळ कुणाला आहे? त्यात मस्कतला बाहेर दमट भट्टी आणि घरात एसीचा कोरडा गारठा, त्यामुळे लाकडाचं मन रोज बदलतं. मी तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून मधली फट बघायचो. जाडसर व्हिजिटिंग कार्ड सरकेल एवढी असली की मान ठीक. असा हात फिरवल्यावर एखादा रडका बेस अचानक मोकळा बोलायला लागला, की मलाही अगदी सुटल्यासारखं वाटायचं.

या स्वस्तातल्यांतही जाती आहेत. तारांखाली चुंबक बसवलेलं असतं, ते आवाज पकडतं, त्याला पिकअप म्हणतात. मधोमध एकच पिकअप असलेला बेस गोल आणि ठोस बोलतो, पण त्याची मान जरा रुंद. दोन पिकअपवाला थोडा नाकातून बोलतो, पण त्याची मान निमुळती, लहान पंजात मावणारी. तिसरा आखूड. त्याच्या तारांची लांबी चार इंचांनी कमी, त्यामुळे फ्रेट जवळजवळ आणि तारा सैल, बोटांना आराम. त्याची सगळ्यात जाड तार थोडी ढबढब वाजते, हेही खरं आहे. घ्यायला येणारे मात्र यातलं काही बघत नसत, ते रंग बघत. मस्कतजवळच्या सीबचे एक गृहस्थ तर सोफ्याच्या कापडाचा तुकडा घेऊन आले होते. दुसऱ्या एकाने आंब्याच्या पेट्या घ्यायला मवालेहच्या बाजारात जाताना बेस भर उन्हाळ्यात बंद गाडीत ठेवला. आंबे सावलीत नीट ठेवले, बेस नाही. संध्याकाळी बेसची केस उघडली तर आतलं अस्तर बेसच्या पाठीला चिकटून बाहेर आलं. ते सोलून काढताना मी जे काही पुटपुटलो ते अर्बाबना मराठी येत नसल्यामुळे खपून गेलं.

पण आपल्या माणसांची खास चूक वेगळीच. आपल्याकडे लहान मुलाला कपडा कसा घेतात? वाढत्या अंगाचा. सदरा गुडघ्यापर्यंत, बाह्या दुमडलेल्या, बुटात पुढे कापूस. पोर वाढेल, कपडा पुरेल. बेस घेतानाही हेच. चिमुरडं पोर समोर उभं, आणि बाप सगळ्यात लांब, सगळ्यात जड, पाच तारांचा बेस बोटाने दाखवतोय. मी आखूड बेस पुढे केला की ऐकायला मिळायचं, "हा दोन वर्षांत लहान होईल हो. आणि चाराच्या भावात पाच तारा मिळत असतील तर चार कोण घेईल?" फिलिपिनो किंवा ओमानी गिऱ्हाइकांनी मला असं कधी विचारलं नाही. मी हसायचो आणि गप्प बसायचो, कारण त्या सदऱ्यातच मीही वाढलो होतो.

वानखेड्यांची यशोधरा अशीच एका वाढत्या अंगाच्या बेससकट माझ्या दुकानात आली.

मी निवृत्त होण्याच्या थोडं आधीची गोष्ट. वानखेडे साहेब मूळचे अकोल्याचे, समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर. त्यांच्या पत्नी वैशालीभाभी. यशोधरा, म्हणजे यशू, वादी कबीरलाच शाळेत होती, बारा-तेराची, अंगाने काडीसारखी. मस्कतमधली बौद्ध मंडळी दरवर्षी भीमजयंतीचा कार्यक्रम करतात. त्यात गाणी बसवणारे सगळे हौशी, कुणी बँकेतले, कुणी पाइपलाइनवाले. त्यांचा बेस वाजवणारा माणूस फायनल एक्झिट घेऊन, म्हणजे ओमान कायमचं सोडून, गावी गेला. आपल्याकडे अशा वेळी घरातल्या वस्तू फोनवरच्या ग्रुपवर विकायला निघतात, तसा त्याचा बेसही निघाला. यशूने हट्ट धरला, साहेबांनी घेतला. पाच तारांचा, काळाभोर, तिच्या खांद्यापर्यंत येणारा. अर्थात त्यांच्या मते, खांद्यापर्यंत म्हणजे उत्तमच. वाढेल ती.

त्या दिवशी मायलेकी दोघीच आल्या. यशूने बेस टेबलावर ठेवला आणि डावा हात झटकला.

"काय झालं बेटा?"

"अंकल, माझा हात ना... तो झोपतो."

"झोपतो म्हणजे?"

"इट गोज टू स्लीप. अंगठा आणि ही दोन बोटं. मग मी शेक करते, मग तो उठतो." तिचं मराठी हे असं, शाळेतल्या इंग्रजीला टेकून चालणारं. "पहिले फक्त प्रॅक्टिसमध्ये व्हायचं. आता शाळेत पण. काल कप पडला."

मी तिला आतल्या भिंतीवरचे बेस बघायला पाठवलं. ती लांब गेल्याबरोबर भाभींनी पदराने डोळे टिपले.

"रफीकभाई, यांच्या मोठ्या बहिणीचं असंच सुरू झालं होतं," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "आधी डावा हात. कप पडायचा, पेन पडायचा. सगळे म्हणायचे, वेंधळी आहे. मग उजवा गेला, मग पाय. शेवटची वर्षं नुसती अंथरुणात काढली हो त्यांनी. यशूला यातलं काही माहीत नाही. आत्या आजारी होती, एवढंच तिला ठाऊक आहे."

मी पाण्याचा ग्लास पुढे केला.

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"दाखवलं ना. त्या केरळच्या डॉक्टर फार चांगल्या आहेत. त्यांनी यशूला विचारलं, दिवसभर या हाताने तू काय काय करतेस? मग नसांची तपासणी लिहून दिली. पण तिची तारीख लांबची मिळाली आहे. म्हणाल्या, तोवर ती गिटार कुणा जाणत्याला दाखवून घ्या, आणि हात दुखेल असं काही करू देऊ नका."

"मग साहेब नाही आले?"

भाभींनी हातातला पाण्याचा ग्लास खाली ठेवला. मग म्हणाल्या, "ते म्हणतात, गिटारचा काय संबंध, चांगली महागामोलाची आहे. पण खरं सांगू? घाबरलेत ते. गिटारमध्ये दोष नाही निघाला, तर मग एकच गोष्ट उरते ना."

आजवर माझ्या टेबलावर आलेल्या बेसला जास्तीत जास्त काय व्हायचं? वाजायचा नाही. कुणाचा जीव माझ्या किल्लीत अडकलेला नसायचा. मी बेसकडे बघूनच ओळखलं होतं की याच्यात काहीतरी खोट आहे. पण बेसमध्ये खोट आहे म्हणून हातात आजार नाही, असं थोडंच होतं? एकाच घरात दोन बिघाड असू शकतात. मी म्हणालो, "भाभी, शुक्रवारी साहेबांना घेऊन या. त्यांच्यासमोरच बघू."

शुक्रवारी नमाजानंतर दुकान उघडलं तर तिघं दारातच उभी. वानखेडे साहेब उंच, शिडशिडीत, इस्त्रीचा शर्ट. नमस्कार केला आणि थेट मुद्द्यावर आले.

"रफीकभाई, बेसमध्ये काही प्रॉब्लेम नाही, बरं का. मी सगळे स्पेसिफिकेशन वाचले आहेत."

"नसेल, साहेब. बघायला काय जातं?"

यशूच्या खांद्यावर मी पट्ट्याने बेस अडकवला. ती वाजवायला उभी राहिली, डावा हात मानेखाली, मनगट काटकोनात दुमडलेलं. म्हटलं, "बेटा, आता दोन्ही हात सोड."

"अंकल, पडेल तो!"

"पट्टा आहे ना? सोड, गंमत बघ."

तिने हात सोडले. बेसची मान धाडकन खाली गेली, खुंट्या फरशीला टेकतात की काय असं झालं, आणि यशूच्या डाव्या हाताने ती आपसूक झेलली. इतक्या सवयीने, की तिला स्वतःला कळलंही नाही. आमच्या धंद्यात मी याला 'बेस मान टाकतो' म्हणायचो. अंगाचं लाकूड हलकं, टोकाला पाच वजनदार खुंट्या, आणि पट्टा अडकवायचं बटण भलत्या जागी. दोष तसा किरकोळ. बसून वाजवणाऱ्या आडदांड माणसाला तो कळतही नाही.

"अजून एकदा," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता.

पुन्हा हात सोडले, पुन्हा मान खाली. साहेबांनी बेस स्वतःच्या खांद्यावर घेतला, हात सोडले, त्यांचीही तीच गत. मग त्यांच्यातला इंजिनिअर जागा झाला. त्यांनी बेस एका बोटावर आडवा तोलून धरला, तोल नेमका कुठे जातो ते शोधलं आणि माझ्याकडची पेन्सिल घेऊन तिथे खूण केली. मला इतकी वर्षं जे हाताला माहीत होतं ते त्यांनी शब्दांत सांगितलं.

"वजनाचा मध्य इथे आहे, आणि पट्टा ओढतोय तिथून. हा तर पडणारच." मग थांबून यशूकडे बघितलं. "म्हणजे इतके महिने ही पोरगी वाजवत नव्हती. उचलत होती."

"आणि वाजवत पण होते, पप्पा," यशू म्हणाली.

साहेब खाली स्टुलावर बसले. कुणी विचारलेलं नसताना म्हणाले, "रफीकभाई, मला शाळेत एक सदरा होता. वाढत्या अंगाचा. तीन वर्षं घातला. सगळे हसायचे, त्यात आणखी एक पोरगा मावेल म्हणून. अंगाला बरोबर बसला ना, तेव्हा कोपरावर फाटला होता. आयुष्यात मापाचं असं काही घातल्याचं मला आठवत नाही. आणि मी हिला तेच आणून दिलं."

"साहेब, मनाला लावून घेऊ नका," मी म्हणालो. "मी तर गावाला घरच वाढत्या अंगाचं बांधलंय. वर चार खोल्या, चार पोरांना. पोरं गेली कॅनडाला आणि मुंबईला. तिथे आता माझी बायको नारळ सुकवते."

साहेब हसले. भाभींना त्या दिवशी मी पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

मग मी सगळ्या जातींचा एकेक बेस काढला. काढण्यासारखे होते ते सगळे स्वस्तातलेच. एक पिकअपवाला दिला. हात सोडले, जागेवर राहिला, पण मान रुंद, यशूचं करंगळीचं बोट शेवटच्या तारेपर्यंत पुरेना. दोन पिकअपवाल्याची मान तिला आवडली, पण खांद्याला जड. पहिल्या फ्रेटशी जायचं तर हात ताणून पार सरळ करावा लागे. शेवटी आखूड बेस दिला. विटकरी रंगाचा, दिसायला अगदी बापुडा, गिऱ्हाइकांना वाजवून बघायला ठेवलेला. यशूने हात सोडले. तो तिच्या पोटावर तसाच आडवा राहिला, जरासुद्धा हलला नाही. तिने हात हवेत वर केले, बोटं नाचवली, स्वतःभोवती एक गिरकी घेतली.

"पप्पा, लुक! नो हँड्स!"

"जाड तार जरा ढबढब वाजेल हं," मी आधीच सांगून टाकलं.

"वाजू दे," साहेब म्हणाले.

तारा मी अजून थोड्या खाली घेतल्या, फ्रेटची टोकं घासली, पट्टा खरबरीत चामड्याचा लावला म्हणजे खांद्यावरून सरकणार नाही. एवढ्यात अर्बाब आले. भाभींचा चेहरा बघून त्यांनी मला कोपऱ्यात नेऊन काय ते विचारलं. मी सांगितलं. ते यशूपाशी गेले, तिच्या हातातला बापुडा बेस बघितला आणि म्हणाले, "टेस्ट तक बच्ची के पास रहने दो. बाद में देखेंगे. खलास." मग तिच्या डोक्यावर हात ठेवून पुटपुटले, "इन्शाल्ला खैर."

जाताना साहेबांनी मला दाराबाहेर थांबवलं. "रफीकभाई, खरं सांगा. त्या बेसमुळेच असेल ना?"

हो म्हणणं फार सोपं होतं. मी म्हणालो, "साहेब, मी लाकडाचा माणूस. हाताचं मला कळत नाही. पण एवढं खरं, की तो बेस असा धरला तर माझाही हात झोपला असता." त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरून ठेवला आणि मग गाडीकडे गेले.

त्यानंतरचे दिवस मला आठवतात ते फोनमुळे. डॉक्टरांनी परवानगी दिली होती, थोडा थोडा वेळ वाजव, दुखलं की थांब. भाभी मध्येच निरोप पाठवायच्या. आज कमी झोपला. आज नाही झोपला. आज परत झोपला. त्या दिवशी मी एका गिऱ्हाइकाच्या बेसला उलट्या क्रमाने तारा लावल्या. गावाहून बायको रोज विचारायची, "अवो, त्या पोरीच्या हाताचा काय झाला?" तिने यशूला कधी पाहिलंही नव्हतं. पाचही वक्ताच्या नमाजात तिने त्या पोरीचं नाव घेतलं, आणि मीही घेतलं. बेस दुरुस्त करताना मी कधी अल्लाला मध्ये घातलं नव्हतं. या एका बेससाठी घातलं.

तपासणीच्या दिवशी मी दुकानात होतो, पण कामात नव्हतो. अर्बाब गल्ल्यावर औद घेऊन बसले होते आणि एकच सूर पुन्हा पुन्हा छेडत होते. शेवटी मीच म्हणालो, "अर्बाब, बस करो." इतक्या वर्षांत त्यांना असं बोलायची माझी पहिलीच वेळ. त्यांनी मुकाट्याने औद खाली ठेवला.

फोन आला तो भाभींचा. पलीकडून आधी काहीच ऐकू येईना, नुसता श्वास. मग त्या म्हणाल्या, "रफीकभाई, काही नाही. काही नाही हो. मनगटात नस दबली होती, बाकी सगळं चांगलं आहे. डॉक्टर म्हणाल्या, आत्याच्या आजाराचं यात काहीसुद्धा नाही. सुटायलाही लागली आहे." आणि मग त्या रडायला लागल्या. मागून साहेबांचा आवाज येत होता, ते कुणाला तरी अकोल्याला फोनवर हेच सांगत होते. मी तोंडातल्या तोंडात अल्लाचा शुक्र अदा केला आणि टेबलाला धरून खाली बसलो. हसू येत होतं, आणि चष्मा पुसावा लागत होता. अर्बाबनी काही विचारलं नाही. टायरवाल्याकडून, एसीवाल्याकडून सगळ्यांना बोलावून त्यांनी चहा पाजला. कशाचा चहा, ते त्या बिचाऱ्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

तो आखूड बेस साहेबांनी घेतला. काळ्या बेसचं बटण त्यांनी आणि मी मिळून खुणेच्या जागी हलवता येतं का ते बघितलं, पण खूण मानेवर होती, आणि बटण बसवायला त्या रेषेत वर अंगाचं लाकूडच नव्हतं. म्हटलं, मग ग्रुपवर टाकू, एखादा बसून वाजवणारा आडदांड माणूस घेईल. साहेब जरा घुटमळले. "राहू दे ना," म्हणाले, "वाढेल ती." भाभींनी आणि मी एकदमच त्यांच्याकडे बघितलं, आणि मग ते स्वतःच इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. दुसऱ्या दिवशी काळा बेस ग्रुपवर गेला.

भीमजयंतीचा कार्यक्रम एका हॉलमध्ये होता. मला खास बोलावणं होतं. पहिल्या रांगेत साहेब आणि भाभी, त्यांच्या मागे मी. बुद्धवंदना झाली, भाषणं झाली, मग गाणी. यशू पांढऱ्या ड्रेसमध्ये, विटकरी बेस गळ्यात, ढोलकीवाल्या काकांच्या शेजारी उभी. पहिलं गाणं सुरू झालं आणि तो खर्ज छातीला येऊन लागला. जाड तार ढबढब वाजत होती, मला ते कळत होतं, आणि मला त्याचं काहीही वाटत नव्हतं. मी तारांकडे बघत नव्हतो. तिच्या डाव्या अंगठ्याकडे आणि त्या दोन बोटांकडे बघत होतो. ती हात झटकायला एकदाही थांबली नाही.

गाणं संपलं, टाळ्या झाल्या. दुसऱ्या गाण्याची तयारी चालू होती, कुणीतरी माइक जुळवत होतं. यशूची नजर पहिल्या रांगेकडे गेली. पप्पा दिसले तशी ती खुदकन हसली, आणि तिने दोन्ही हात बेसवरून काढून डोक्याच्या वर नेले आणि दहाही बोटं हवेत नाचवली. बेस तिच्या अंगावर जिथल्या तिथे. लोकांना वाटलं पोरगी मजा करते आहे. मजाच करत होती ती. आत्याचं तिला आजही कुणी सांगितलेलं नाही, तिच्या लेखी तो फक्त आमच्या दुकानातला खेळ होता.

माझ्या पुढ्यात बसलेल्या वानखेडे साहेबांनीही मग आपले दोन्ही हात वर केले, भर हॉलमध्ये, आणि बोटं हलवून तिला दाखवली. खूप वेळ ते हात त्यांनी खाली घेतले नाहीत. मागून कुणीतरी म्हणालं, "साहेब, हात खाली घ्या, पोरगी दिसत नाही." त्यांना ते ऐकू गेलं नाही.